एनोकची घळ

पडद्यावर डोंगराचा नकाशा आला आणि लाल ठिपका नेमका एनोकच्या घळीवर पडला. पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बिबियानाच्या कपातली कॉफी हिंदकळली.

"शंभर कोटी वर्षांपूर्वी ग्रीनलंड इथे फाटायला लागलं," तिची नात सांगत होती. अंगात खाण कंपनीचं जाकीट. "दोन तुकडेच व्हायचे, पण फाटता फाटता थांबलं. त्या भेगेतून खोलातला वितळलेला रस वर आला आणि थिजला. असले दगड जगात फारसे कुठे मिळत नाहीत. खाण इथेच होईल."

इथेच म्हणजे मेंढ्यांच्या कुरणाच्या डोक्यावर, वस्तीच्या ओढ्याच्या उगमाशी. सभेत कुजबुज उठली.

 लग्नाआधी एनोकने बिबियानाला त्या घळीतला दगड दिला होता. अंधारात फिका, उन्हात धरला की गुलाबी. जागा कुणाला सांगायची नाही, असं दोघांचं ठरलं होतं. आणि तिनं सांगितली नव्हतीच मुळी! एनोक समुद्रात बुडाला त्याच महिन्यात ही नात जन्मली. रीतीप्रमाणे मेलेल्याचं नाव पुढच्या बाळाला गेलं, मग ती मुलगी का असेना, आणि नावाबरोबर माणूसही परत आला. तेव्हापासून ती नातीला 'अहो' म्हणायची, सुक्या माशाचा पहिला तुकडा तिच्याच ताटात वाढायची. घळ दाखवली ती एनोकची एनोकलाच. त्यात कसलं गुपित फुटलं?

ती उठून उभी राहिली. "अहो, ही जागा तुम्हाला कुणी दाखवली ते सांगा की यांना."

कंपनीची माणसं फिदीफिदी हसली. नातीचे कान लाल झाले.

"आजी, चारचौघांत हे 'अहो' नको गं! मी एनोक-बिनोक कुणी नाही. जागा आम्ही उपग्रहावरून शोधली."

धादांत खोटं! बिबियानाला वाटलं, कप फेकून मारावा. इतक्या वर्षांचा संसार हिनं एका वाक्यात मोडला. पण ती खाली बसली नाही. शेजारी बसलेल्या तरुण आर्नाजाराककडे वळली. त्या पोरीला नववा महिना लागला होता.

"पोरी, बाळाचं नाव ठरलंय?"

"नाही अजून, आजी."

"मग एनोक ठेव. माझा नवरा आत्ताच वारला."