पाहुण्यांचा गोल

"दुसऱ्या हाफमध्ये लिमना एक गोल मारू दे," प्रतापसर म्हणाले. मराठीत म्हणाले, म्हणजे बाकी टीमला कळायला नको.

प्रमोद गोलकीपर. तो पाणी पीत होता, तो थांबला. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या कंपन्यांची स्पर्धा चालू होती आणि समोरची टीम त्यांच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटची, एका बँकेची होती. बँकेचे मिस्टर लिम पन्नाशी ओलांडलेले, तरी स्वतः फॉरवर्डला खेळत होते.

"सर, मॅच आहे."

"ऑफिसची मॅच आहे रे, वर्ल्ड कप नाही. पाहुणे खूश होऊन जाऊ देत." सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या इटालियनला सांगत बसू नकोस, तो ऐकायचा नाही. तू बघ फक्त. आणि हो, इथे नोकरी करायचा तुझा पास रिन्यू व्हायचाय ना? माझ्याच टेबलवर आहे. लता बरी आहे?"

"बरी आहे," प्रमोद म्हणाला.

तो इटालियन म्हणजे स्टेफानो. ऑफिसात इटलीतल्या ग्राहकांचं काम बघणाऱ्या टीमचा प्रमुख. त्याआधी तो फुटबॉलच खेळायचा, तिकडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये, लहानसहान गावांच्या क्लबांसाठी, कायम डिफेन्सला. टीव्हीवर कधी दिसला नाही. पहिल्या हाफमध्ये त्याने लिमना बॉलला नीट शिवूही दिलं नव्हतं.

"काय म्हणत होता तो?" मैदानात उतरताना स्टेफानोने विचारलं.

"काही नाही. चांगलं खेळा म्हणाला."

थोड्या वेळाने बँकेच्या एकाने लांबून पास दिला आणि लिम एकटेच पुढे आले. स्टेफानो पलीकडच्या बाजूला होता. तो तिरका धावत सुटला. त्याचा एक गुडघा नीट वाकत नसे, तरी त्याने लिमना गाठलं, कडेला रेटलं, मारायला जागाच ठेवली नाही. लिमनी कसाबसा पाय लावला. बॉल घरंगळत आला. प्रमोद वाकला, आणि त्याने दोन्ही हात जवळ आणलेच नाहीत, बॉल मधून जाऊ दिला.

गोल.

लिम दोन्ही हात वर करून नाचले. बाहेर टाळ्या पडल्या, प्रतापसरांच्या सगळ्यात जोरात. स्टेफानो गुडघ्यावर हात टेकून उभा होता. मग तो सरळ प्रमोदकडे चालत आला.

"तो काय म्हणाला होता? तुमच्या भाषेत?"

प्रमोद ग्लोव्हजचे पट्टे ओढू लागला.

"बोल!"

"गोल होऊ द्यायला सांगितलं होतं."

स्टेफानोचा चेहरा लालबुंद झाला. "इटलीत, सीझनची शेवटची मॅच होती आमची. हरायचं ठरलं होतं. सगळ्या टीमला माहीत होतं, फक्त मला नाही. मी त्या स्ट्रायकरच्या मागे धावलो. गुडघा फाटला तरी धावलो. आणि गोलकीपर बाजूला झाला. अस्सा! नंतर चौकशी झाली, क्लब बंद पडला. त्या टीमचा म्हटल्यावर मला कुणी दारात उभं केलं नाही. त्या गोलकीपरशी मी रोज सकाळी कॉफी प्यायचो." त्याने हात पुढे केला. "ग्लोव्हज दे."

"स्टेफानो, माझा पास—"

"ग्लोव्हज दे!"

प्रमोदने दिले. रेफरीने मान डोलावली. स्टेफानो गोलमध्ये उभा राहिला आणि प्रमोद डिफेन्सला. डिफेन्सला तो आयुष्यात कधी खेळला नव्हता. बाहेरून सर हातवारे करत होते, हे काय म्हणून विचारत होते. प्रमोदला खांद्यावर अजून तो हात जाणवत होता. बायकोची चौकशी करणारा, पास टेबलवर ठेवणारा हात. तो चिडला होता. सरांवर, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

लिमना पुन्हा बॉल मिळाला. एका गोलने त्यांना उत्साह आला होता. ते हसत पुढे आले. प्रमोद त्यांच्यावर धावून गेला.

"प्रमोद!" सर मराठीत ओरडले. "सोड त्यांना! कळत नाही का तुला? सोड म्हणतो ना!"

प्रमोद घसरत गेला. पाय बॉललाच लागला, स्वच्छ. बॉल अडला आणि लिम त्याच्यावरून पलीकडे आडवे झाले. शिट्टी वाजली नाही.

सर लाइन ओलांडून आत आले होते. "अरे गाढवा, तुला सांगितलं होतं ना मी?"

प्रमोद उठला. कोपर सोललं होतं. तो इंग्रजीत ओरडला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. "सर, इंग्लिशमध्ये सांगा! मिस्टर लिमना कसा गोल मारू द्यायचा ते सगळ्यांना इंग्लिशमध्ये सांगा!"

सर जागीच थांबले. लिम उठून बसले होते. त्यांनी आधी प्रतापसरांकडे पाहिलं, मग गोलपोस्टकडे. त्यांचे कान लाल झाले. ते उभे राहिले आणि प्रतापसरांच्या शेजारून, त्यांच्याकडे न बघता, मैदानाबाहेर चालू लागले.

"मिस्टर लिम, ऐका तरी," म्हणत सर मागे धावले.

प्रमोद त्या दोघांकडे बघत राहिला. सोमवारी ऑफिसात काय होणार ते त्याला ठाऊक होतं. बॉल त्याच्या पुढ्यात पडला होता आणि बँकेचे दोन जण त्यावर धावून येत होते.

"ए डिफेंडर!" मागून स्टेफानो कडाडला. त्याच्या आवाजातला राग जराही उतरला नव्हता. "बघतोस काय? बॉल चालू आहे! तो काढायला काय माझा बाप येणार?"