बिनउशीचा पाळणा

पाळण्यात उशी ठेवायची नाही, हे मावशींनी शिकाऊ मुलीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पाळणाघरात मावशींचा शब्द शेवटचा. कितीही किरकिरं बाळ असो, मावशी त्याला आत नेत, दार लोटून घेत; थोड्याच वेळात हसत बाहेर येत. “जमेल तुलाही सवयीने,” म्हणत. आजही नव्या बाळाला घेऊन त्या आत गेल्या. त्याने पाळणाघर डोक्यावर घेतलं होतं. बाहेर सतरंजीवर चार वर्षांची चिमुरडी बाहुलीला थोपटत होती. बाहुली झोपेना. तिने सतरंजीवरची छोटी उशी ओढली. “अगं, बाळाला उशी नसते,” शिकाऊ मुलगी हसली. “डोक्याखाली नाही गं, ताई.” चिमुरडीने उशी बाहुलीच्या तोंडावर दाबली. “मावशी अशी ठेवतात.” मावशींच्या खुर्चीवरची उशी जागेवर नव्हती. शिकाऊ मुलगी दाराकडे धावली, तोच आतलं रडणं एकदम थांबलं. “झोपलं,” म्हणत चिमुरडीने बाहुलीवरची उशी काढली.