जानेवारीत ये

"थांब जरा, दुसरा फोन वाजतोय," म्हणून एलुईझने रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला. तिकडे फिनिक्समध्ये तिचा मुलगा लीलंड फोन कानाला लावून बसला. त्याला सगळं ऐकू येत होतं. आई कुणा परक्या बाईला घळ बघायला यायचा हंगाम समजावत होती. जुलैत या, भर दुपारी. तेव्हा ऊन सरळ तळापर्यंत उतरतं, लाल भिंती पेटल्यासारख्या दिसतात. वर कुठे पाऊस झाला तर लोंढा येतो खरा, पण आम्ही आभाळावर नजर ठेवून असतो. जानेवारीत मात्र येऊ नका. आत नुसता अंधार आणि गारठा.

मग तिने मुलाचा फोन उचलला.

"हं, काय म्हणत होतास? जुलैत नको रे. जानेवारीत ये."

लीलंडने फोन ठेवला. ट्रक चालवून त्याची पाठ कामातून गेली होती, आणि हे उत्तर तो काही पहिल्यांदा ऐकत नव्हता. तरी दर वर्षी पोरीच्या सुट्टीत, म्हणजे जुलैतच, तो आईकडे, नवाहो आदिवासींच्या मुलखात जायचा. एलुईझ तेव्हा सकाळपासून पर्यटकांच्या टोळ्या घेऊन घळीत असायची. घरच्याच जमिनीतली घळ, तिच्यावरच घर चालायचं. संध्याकाळी केसांत लाल धूळ घेऊन ती परतायची, मटणाचा रस्सा वाढायची आणि गप्प बसायची. शँडीन, लीलंडची आठ वर्षांची पोर, आजीच्या मागे लागायची, गोष्ट सांग म्हणून. "आत्ता नाही," म्हणून आजी कूस बदलायची.

"गिऱ्हाईक म्हणून नाव नोंदव, मग मिळेल तुला जुलै," लीलंडची बायको रेने त्याला चिडवायची. त्याला हसू यायचं नाही.

गप्प आई त्याला नवी नव्हती. सहाव्या वर्षी त्याला लांबच्या निवासी शाळेत घातलं होतं. घातलं कसलं, सरकारी माणसांनी नेलंच. उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीत घरी आला की तो आईबरोबर मेंढ्यांमागे हिंडायचा. आई पुढे, तो मागे, मध्ये चकार शब्द नाही. शाळेच्या पुस्तकातल्या आया पोरांना निजवताना गोष्टी सांगायच्या. त्याची आई दिवा मालवायची आणि आडवी व्हायची. आपण शाळेचे झालो, आता हिला आपण नको आहोत, हे त्याने तेव्हाच मनाशी धरलं. पन्नाशी आली तरी ते सुटलं नव्हतं.

आता मात्र तो थकला होता. जानेवारी तर जानेवारी, त्याने ठरवलं. एकदा जाऊन बघायचं. तेव्हाही ती तोंडाला कुलूप लावून बसली, तर पोरीला घेऊन पुन्हा त्या वाटेला जायचं नाही. आपल्याच आईकडे शब्दांची भीक किती दिवस मागायची?

रेनेला रजा मिळाली नाही. बापलेकच निघाले. डोंगरात बर्फ होतं, गाडी कशीबशी रेटत ते दुपारी पोचले. घळीपाशी एकही गाडी नव्हती. आठकोनी लाकडी घरात शेगडी पेटलेली होती. एलुईझने निळ्या मक्याची लापशी वाढली. शँडीन मुकाट्याने जेवली. तिने काही मागितलं नाही, मागून उपयोग नसतो हे तीही शिकली होती. लीलंडला ते बघवेना. तो लाकडं आणायला बाहेर गेला.

परत येतो तो आई पोरीला जवळ घेऊन बसलेली.

"गोष्ट मागत होतीस ना? आता ऐक," ती म्हणाली. आणि समजावू लागली. आता अस्वल झोपलंय, साप जमिनीखाली गेलेत, वीज लांब तिच्या घरी आहे. या गोष्टी त्यांच्या कानावर पडता कामा नयेत. वसंतात पहिला गडगडाट झाला की आपण तोंड मिटायचं, ते पुन्हा थंडी पडेपर्यंत. आपल्यात असंच असतं.

लीलंड हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता.

मग तिने सुरू केलं. ती गोष्ट काय होती ते मी लिहीत नाही. तुम्ही हे कोणत्या महिन्यात वाचाल कोण जाणे. पण एलुईझने कोल्ह्याचा आवाज काढला, अस्वलासारखी डुलली, बोटांत दोरा गुंतवून चांदण्या करून दाखवल्या. शँडीन पोट धरून हसत होती. एक गोष्ट संपली की दुसरी निघत होती. लीलंड लाकडं हातात घेऊन दारातच उभा होता. आईकडे इतके शब्द आहेत हे त्याला माहीत नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला राग आला, सहा वर्षांच्या पोराला यावा तसा.

"आई," तो म्हणाला, "मला यातली एकसुद्धा सांगितली नाहीस. मी कुणीच नव्हतो का तुझा?"

एलुईझचे हात थांबले. ती एकदम फार थकलेली दिसली.

"कशी सांगणार होते रे? पानं पिकायच्या आत तुला बसमध्ये घालून न्यायचे. नाताळात मी तुला न्यायला आले, तर शाळेच्या दारातूनच परत पाठवायचे. तू घरी यायचास तोवर साप बाहेर आलेले असायचे."

लीलंडने लाकडं शेगडीपाशी ठेवली. एलुईझने बोटांतला दोरा सोडवला आणि नातीला कोपराने ढोसलं.

"सरक गं जरा, बापाला बसू दे. पहिल्यापासून सांगते."