शेवटचा वेढा

फ्लोरिडाच्या दलदलीत पाठ टेकायला कोरडी जमीन नाही. सायप्रसच्या दोन झाडांमध्ये झोळी बांधून पाण्यावर लटकत झोपायचं. त्या पाण्यात दुपारीच मगर दिसली होती. तीस वर्षं आमच्या ट्रेकचे म्होरके बाबा. झोळीची गाठ मलाही त्यांनीच शिकवली. आज ऊन कलताना मी त्यांच्या झोळीचा दोर सहज ओढला, तर गाठ सर्रकन सुटली. शेवटचा वेढाच नव्हता. बाबा खोडावर पाठमोरे बसून बुटातलं पाणी ओतत होते. मी घाईघाईने गाठ पुन्हा बांधली. पलीकडे आपल्या झोळीपाशी उभे असलेले बाबांचे ट्रेकसोबती ओडेलकाका हसले, "काय गं, बापालाच शिकवतेस?" बाबा वळले. म्हटलं, आता चिडणार. पण त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं. शेवटच्या वेढ्यापाशी ते थांबलं. "हा मी विसरलो?" पुटपुटले. मग माझं मनगट धरलं. "बाकी चौघांच्या झोळ्याही आज मीच बांधल्यात." तोवर ओडेलकाकांनी एक पाय झोळीत टाकला होता.