शेजारच्या घराचा शिक्का

शेवटच्या पावावर ओटिलियाने शेजारच्या घराचा शिक्का दाबला, बकरीच्या दोन शिंगांचा. डोंगरावरच्या त्या स्विस गावात भट्टी एकच, म्हणून कुणाचा पाव कुठला हे कळावं यासाठी प्रत्येक घराचा लाकडी शिक्का वेगळा. आणि ज्या घराची पाळी चुकली, त्याची भट्टीतली जागा गेली.

म्हणूनच शेजारचा आलोइस तरुणपणी खालच्या शहरात कामाला निघाला, तेव्हा शिक्का तिच्या हातात ठेवून म्हणाला होता, "पाळी चुकवू नकोस. मी येतोच." तिने चुकवली नाही. केस पिकले, लाकडातली शिंगं झिजली, लग्नाचं तिने कधी मनावर घेतलं नाही.

पाव बाहेर निघाले तशी एक अनोळखी मुलगी पुढे आली. "आजी, हा आमच्या घराचा शिक्का. आलोइस माझे आजोबा. वारले ते. मी आता इथेच राहणार आहे. ते म्हणायचे, भट्टीत आपली जागा कुणीतरी राखली असेल."

"कुणी, ते सांगितलं होतं?"

मुलीने नुसती मान हलवली. नाही.

ओटिलियाने गरम पाव तिच्या हातात दिला. मग शिक्का द्यायला हात पुढे केला. "पाळी चुकवू नकोस," ती म्हणाली.

मूठ मात्र उघडेना.