खालचं अर्धं पिंप

बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी प्लंबर दुसऱ्याच्या परसात पिंपाला तोटी बसवत होता. छपराचं पाणी पन्हाळीतून पिंपात, पिंपातून बागेत. घरमालकीण, एक निवृत्त शिक्षिका, शेजारी उभी राहून बघत होती. "तुमच्या घरी तर हे कधीचंच असेल," ती म्हणाली.

"आहे की," तो म्हणाला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शेजाऱ्याचा होता. बायको झाडांपाशी कोसळली होती. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

आज नववा दिवस. तेव्हापासून पाऊस नव्हता, आणि सकाळी नळालाही पाणी आलं नाही. मागच्या अंगणात मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या होत्या. मुलगी डबा घेऊन पिंपाकडे गेली. तिनं पन्हाळीच्या पाइपचं तोंड बाजूला केलं, झाकण उचललं आणि वाकली.

"बाबा, डबा बुडत नाही."

तो पायरीवर बसला होता. "पाणी नाही का?"

"आहे. अर्धं पिंप आहे. माझी बोटं ओली होतायत नुसती."

तो उठून जवळ गेला. पिंप विटांवर चढवलेलं होतं. मुलगी टाचा उचलून, खांद्यापर्यंत हात आत घालून उभी होती. हात तिला आईचाच आला होता, आखूड. तिची बोटं बरोबर पाण्याला टेकली होती. एक इंच खाली नाही, एक इंच वर नाही.

चार वर्षांपूर्वी त्यानं हे पिंप आणलं तेव्हा संध्याकाळी तोटी बसवतो म्हणाला होता. दुपारीच पाऊस आला आणि पिंप भरलं. भरल्या पिंपाला भोक कसं पाडणार? शिवाय नट आतून आवळावा लागतो.

"रिकामं झालं की बसवतो," तो बायकोला म्हणाला.

"अहो, पण तोटीवाचून ते रिकामं कसं होणार?"

त्यावर दोघंही हसले होते. मग तिनंच वाटणी करून टाकली. वरचं अर्धं पिंप माझं, खालचं अर्धं तुमच्या तोटीचं. हात पुरेल तिथपर्यंत ती डब्यानं पाणी उपसायची. मग पुन्हा पाऊस यायचा. तो कामाला निघाला की कधीतरी दारातून म्हणायची, "प्लंबर, आमच्याकडे कधी येणार? का आम्हीपण नंबर लावायचा?"

नळी टाकून पाणी ओढलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

मुलीनं हात बाहेर काढून ओढणीला पुसला. "तोटी का नाही बसवली हो कधी?"

"पिंप रिकामं होत नव्हतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. प्लंबरच्या घरात वाढलेली पोर. "नळी टाकायची ना," ती हळूच म्हणाली.

तो आत गेला आणि हत्यारांची पिशवी घेऊन आला. पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेली पितळी तोटी होती. कागद पिवळा पडला होता, तोटी नवीच होती. ती त्यानं खिशात टाकली. ड्रिल पायरीवर ठेवलं. नळीचं एक टोक पिंपात सोडलं, दुसरं ओढायला तोंडात धरलं आणि आत पाहिलं. पाणी स्थिर होतं. पिंपाची वरची बाजू कोरडी, खालची ओली, आणि मध्ये सरळ एक रेघ.

त्यानं नळी तोंडातून काढली.

"काय झालं?"

"इथपर्यंत तिनं काढलंय," तो म्हणाला.

मुलीनं नळी बाहेर ओढली. तिनं पिंपावर झाकण ठेवलं. पाइपचं तोंड मात्र तिनं झाकणाच्या भोकात परत घातलं, रोजच्या सवयीनं घालावं तसं.

जेवणं उरकत होती तेव्हा पाऊस आला. पन्हाळ वाजायला लागली तसा तो हात न धुताच मागच्या अंगणात धावला. पाइप ओढून त्यानं बाजूला धरला. छपराचं सगळं पाणी त्याच्या पायांवरून गटाराकडे जाऊ लागलं.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. "बाबा, चांगलं पाणी गटारात चाललंय."

"जाऊ दे."

"आई तर भाजी धुतलेलं पाणीसुद्धा टाकू द्यायची नाही."

तो तसाच भिजत उभा राहिला. पायांवरून पाणी जात होतं. मग त्यानं पाइप उचलला आणि भोकात घातला. आधी आत पोकळ आवाज झाला. हळूहळू आवाज जड होत गेला. आता रेघ कुठे होती ते झाकण उघडूनही दिसलं नसतं.

पाऊस थांबला तेव्हा पिंप काठोकाठ भरलं होतं. मुलीनं न वाकताच डबा बुडवला आणि मिरचीच्या आळ्यात ओतला. पाऊस पडून गेल्यावर त्या रोपांना पाणी नको होतं, तरी ओतला. मग त्याच्या हातात टॉवेल देत म्हणाली, "आणि तोटी?"

"रिकामं झालं की बसवतो," तो म्हणाला, आणि सवयीनं थांबला.

पुढचं वाक्य कुणी बोललं नाही.

तोटी अजून बसवायची राहिली आहे.