मनकर्णाबाईची वांगी

"ही तिसरी घागर कोणासाठी?" खुशालरावांनी विहिरीच्या काठावरून विचारलं.

"म्हशीसाठी, भाऊ," गंगूबाई म्हणाली. "व्याली हाये. लय पाणी लागते तिले."

गावातल्या बाकी विहिरी पौषातच आटल्या होत्या. ही एकच उरली. पंचांनी तिची राखण खुशालरावांकडे दिली होती, दर घराला रोज दोन घागरी ठरवून. पावसाळ्यापर्यंत पाणी पुरलं नाही, तर गावाला बिऱ्हाड पाठीवर घेऊन नदी गाठावी लागणार होती.

पण खुशालरावांचा जीव मऊ. कोणाकडे पाहुणे यायचे, कोणाकडे सासू आजारी असायची. माणिकबाईची सासू तर महिन्यात तीनदा न्हाली. ती वारून दोन वर्षं झाली होती, हे त्यांना मागाहून आठवलं.

घरात मात्र ते कडक. बायको, मनकर्णाबाई, परसातल्या वांग्यांसाठी तांब्याभर पाणी मागून थकली.

"राखणदाराच्या घरी हिरवं पान दिसलं," ते म्हणत, "तर लोक मले चोर म्हणतीन."

दुपारी ते कापूस विकत घेत. सातासमुद्रापलीकडे कुठंशी लढाई पेटल्यापासून अमरावतीत कापसाचा भाव चढतच होता. सकाळच्याच बाया दुपारी गाठोडी घेऊन ओसरीवर येत. पाऊस उणा असूनही यंदा बोंडांत दम होता. गाठोडं उचलताना कंबर बोलायची.

"हाताले थंडगार लागते," एकदा ते म्हणाले.

"सावलीत ठेवला होता, भाऊ," गंगूबाई म्हणाली.

सगळा कापूस आतल्या खोलीत रचून खुशालरावांनी दाराला कडी घातली. भाव आणखी चढू दे, मग गाडी जुंपू, असा बेत होता.

फाल्गुन लागताच विहिरीत बादली खडकावर वाजली. त्याच सकाळी शेषराव पंच चार माणसं घेऊन ओसरीवर आले. एवढं पाणी गेलं कुठं, एवढंच त्यांनी विचारलं.

खुशालरावांनी त्यांना शांतपणे परसात नेलं. वांग्यांच्या काड्या झाल्या होत्या. एकीवर कावळा बसला, तर तीही मोडली.

"माह्या घरात एक हिरवं पान दाखवा," खुशालराव म्हणाले, "अन् मले गावाबाहेर हाकला."

पंच वरमले. जायला निघाले, तेवढ्यात आतल्या खोलीची कडी वाजली आणि मनकर्णाबाई दारात आली.

"अवो," ती म्हणाली, "खिडकीखालच्या ओल्या कापसातली सरकी उगवून हिरवीगार होऊन राह्यली. त्याच्यात माही वांगी लावू का?"